साहेबाची सोंड

आमच्या सासरी एकदा बाहेर पडलेली गोष्ट मागे घ्यायची पद्धत नव्हती. जनावरांचं ठीक होतं. आमचं मांजर चुलीपाशी बसलं की त्याचे पंजे मऊसूत, आणि दुधाच्या कासंडीजवळ शेजारचा बोका दिसला की त्याच पंजांतून नखं बाहेर. बोका गेला की पुन्हा आत, जसं काही घडलंच नाही. विहिरीच्या कपारीतलं कासव, वर घागर आपटली की मान आणि पाय आवरून धोंडा होऊन बसायचं. परसातल्या अळवावरच्या गोगलगायीला शिंगं आत ओढायला नुसती फुंकर पुरायची. माणसांना ही सोय नाही, आणि माझ्या सासऱ्यांना ती कुणी देऊ केली असती तरी त्यांनी घेतली नसती.

मामंजींच्या तोंडून शब्द गेला की गेला. एकदा गुऱ्हाळावर गुळव्याशी त्यांची कशावरून तरी जुंपली आणि ते म्हणाले, "तुज्या हातचा गूळ खाईन तर मिशी उतरीन." आता गावात गुळव्या एकच. ऊस आमचा, काहील आमची, ढेपा आमच्याच माळ्यावर रचलेल्या, आणि घरधनी मात्र होळीला पुरणपोळी बिनगुळाची खायचे. नुसती शिजलेली डाळ लाटून भाजलेली. पुढे तो गुळव्या वारला, त्याच्या जागी त्याचा मुलगा आला, तो बिचारा पाया पडायला आला होता, तरी मामंजींनी गुळाला हात लावला नाही. मिशी मात्र फार सुंदर होती, हे कबूल केलं पाहिजे.

त्यांचे एक चुलतभाऊ होते, वयाने थोरले. रानातल्या सामाईक बांधावरून दोघांचं बिनसलेलं. मामंजी एकदा बोलून गेले होते की ह्याच्या दारावरनं पुन्हा जाणार नाही. त्यामुळे आमची बैलगाडी रानात जाताना सबंध गावाला वळसा घालून जायची. बैलांनाही त्याची इतकी सवय झाली होती की सरळ रस्त्याला घातलं तर ते बुजायचे.

अशा घरात मी आले सांगलीहून. वडील हळदीच्या पेठेत तोलार होते आणि मी मराठी सातवी पास होते. एवढं शिकवून मला कृष्णाकाठी उसाच्या रानात दिली ती मुलगा पलटणीत आहे म्हणून. लग्न ऐन लढाईत झालं. अंगाची हळद उतरते न उतरते तोच हे बोटीत बसले, आधी मिसर, मग इटली. मी राहिले सासू-सासरे, थोरले दीर, जाऊबाई आणि चार बैल यांच्यात. सून गरीब आहे असं माझ्याबद्दल पहिल्या आठवड्यात म्हटलं गेलं, नंतर कुणी म्हटलं नाही. भाकरी करपली म्हणून थोरल्या दिरांनी ताट सरकवलं, तेव्हा मी ते उचलून म्हशीपुढे ठेवलं. म्हशीने खाल्लं. त्यानंतर करपलेली भाकरीही मुकाट्याने खाल्ली जाऊ लागली.

मामंजी मला काही बोलत नसत. सासऱ्याने सुनेशी थेट बोलायचं नाही, सुनेने तर नाहीच नाही, असा रिवाज. पण त्यांना अक्षर येत नव्हतं आणि मुलगा लढाईवर होता. म्हणून ताकारी स्टेशनावरून कुणी वर्तमानपत्र आणलं की ते सोप्यात खांबाला टेकून बसत आणि मी चौकटीच्या आत उभी राहून मोठ्याने वाची. मध्येच ते खांबाला विचारत, "इटलीत थंडी लय असती म्हनायची?" आणि मी खांबाला सांगे, "लय असते म्हणतात, बर्फ पडतो." मग ते खांद्यावरचं घोंगडं उगाच अंगाभोवती ओढून घ्यायचे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, त्या चुलीपासून ओरडायच्या, "आवं, पोराचं नाव आलं का त्यात?" नाव येत नव्हतं म्हणून आम्ही सगळे सुखी होतो.

लढाई संपली. हे धडधाकट परत आले आणि पुण्याच्या छावणीत मेसच्या कोठीवर लागले. त्या हिवाळ्यात यांचा साहेब विलायतेला निघाला. जाताना सामान वाटलं. एकाला कोट मिळाला, एकाला दाढीचा आरसा, आणि यांना मिळालं एक पाखरू. साहेब लोक नाताळात ते कापून खातात. यांना कापवलं नाही. दोन दिवसांच्या रजेवर येताना बुट्टीत घालून, वर पोतं बांधून, रेल्वेने ताकारीपर्यंत आणि तिथून बैलगाडीने हे त्याला घेऊन घरी आले. बायकोसाठी पुण्याहून काय आणलं असेल म्हणून मी बुट्टीकडे मोठ्या आशेने बघत होते.

पोतं सोडलं तशी आत्याबाई दोन पावलं मागे सरल्या. कोंबड्याच्या चौपट अंग, रंग काळा, डोक्यावर पीस म्हणून नाही. गळ्याला लाल-निळ्या मांसाच्या गाठी. छातीवर घोड्याच्या शेपटीचे काढून लावावेत तसे चार राठ केस. आणि चोचीच्या वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, बोटाच्या पेरापेक्षा लहान एक मांसाचं शिंग उभं. थोरले दीर म्हणाले, "काय रं हे? गिधाड हाय का कोंबडा?" हे म्हणाले, "टर्की म्हणतात. साहेबानं दिलंय." तेव्हापासून गावात त्याचं नाव साहेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैरोबाच्या देवळात आरतीची घंटा आणि नगारा सुरू झाला आणि अंगणात साहेबाने उत्तर दिलं. गळ्यातून गुळगुळगुळ असा आवाज काढला, शेपटी मोराची असल्यासारखी पसरली, पंख जमिनीवर घासत फेरी घातली. डोकं निळं झालं, गाठी लालभडक झाल्या, आणि चोचीवरचं ते टीचभर शिंग मऊ पडून लांबत लांबत चोचीवरून खाली लोंबू लागलं. हत्तीची सोंड जशी. आत्याबाईंनी मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. घंटा थांबली, शेजारचं कुत्रं कुंपणातून आत आलं, आणि सोंड गोगलगायीच्या शिंगासारखी झर्रकन आत गेली. पुन्हा पेरभर. मामंजी खांबाला टेकून बघत होते. म्हणाले, "ह्याच्यात कायतरी हाय."

बस्स. त्यांच्या तोंडून निघालं म्हणजे ते आता मागे जाणार नव्हतं.

आमच्याकडे कुठलीही मोठी गोष्ट भैरोबाला कौल लावल्याशिवाय होत नसे. गुरव देवाच्या अंगाला ओले गहू चिकटवायचा, उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. पेरणी, सोयरीक, विहीर, सगळं त्यावर. त्या महिन्यात एक बैलांचा हेडी बैल विकायला दारात आला. त्याच्याबरोबर त्याचं कुत्रं होतं. साहेब अंगणात दिमाखात फिरत होता, कुत्रं दिसताच त्याने सोंड वर ओढून घेतली. मामंजींनी ते पाहिलं आणि बैल घेतला नाही. तोच बैल खालच्या आळीतल्या एकाने घेतला, आणि तो पहिल्याच चढाला गाडीखाली बसला तो चाबकालाही उठेना. झालं! साहेबाचा कौल म्हणून गावभर झालं. सोंड खाली आली तर होय, वर गेली तर नाही.

मग काय विचारता. कुणाची म्हैस गाभण आहे का, कुणाचा मुलगा रजेवर येणार का, मळ्यातल्या विहिरीला आणखी खणावं का. पलटणीतल्या मुलांच्या आया तर रांगेने यायच्या. एकीच्या वेळी सोंड खाली आली आणि तिसऱ्या दिवशी मुलगा घरी हजर. त्याचं येणं महिनाभर आधी ठरलं होतं, पण ते कोण लक्षात घेतो. गुरव चिडून होता. देवापुढे कुणी फिरकेना. तो पारावर बसून म्हणायचा, "आता इंग्रजाच्या कोंबड्याला इच्यारा. देव हायेच की रिकामा!" पण त्याची शेळी हरवली तेव्हा तोही मागच्या दाराने येऊन साहेबाला विचारून गेला. शेळी सापडली, त्यामुळे त्याला पुढे फार बोलता येईना.

साहेबाला दाणापाणी मी करायची, म्हणून मला त्याची तऱ्हा ठाऊक झाली होती. मोठा आवाज झाला, कुणी लाल लुगड्यात आलं, किंवा त्याला आपण फार देखणे आहोत असं वाटलं, की सोंड खाली. कुत्रं आलं, कावळा ओरडला, की वर. आणि दाणे टिपताना तर नेहमीच वर, कारण एवढी सोंड चोचीवर लोंबली तर बिचाऱ्याने खायचं कसं? यात देवाचं काही नव्हतं. पण मी कुणाला सांगायला गेले नाही. एकतर कुणी ऐकलं नसतं, आणि दुसरं म्हणजे लोक साहेबाला विचारायला येताना आमच्या जाऊबाईंना चार घरच्या गोष्टी सांगून जात, त्या मलाही ऐकायला मिळत.

अशात यांना छावणीत कुटुंबाची खोली मिळायचं ठरलं. शिमग्याला हे चार दिवसांच्या रजेवर आले ते हेच सांगत आले. एक खोली, पुढे पडवी, नळाचं पाणी. पाडव्याच्या आत कुटुंब घेऊन राहायला आलं पाहिजे, नाहीतर खोली पुढच्याला. मी रात्रीच्या भाकरी थापत असताना हे मला हळूच सांगत होते आणि माझ्या हातात पीठ तसंच राहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि यांच्याबरोबर मी जेवढे दिवस काढले होते ते सगळे एकत्र केले तर त्यांचा एक उन्हाळाही झाला नसता. मला जायचं होतं. मला इतकं जायचं होतं की भाकरी तव्यावर टाकताना तीन वेळा फाटली.

अडचण ठाऊकच होती. मामंजींच्या त्या चुलतभावाची सून दोन वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर पलटणीच्या लायनीत राहायला गेली होती. ती गावी आली ती पायात सपाता घालून आणि कपातून चहा पीत. मामंजींनी भर चावडीत, चुलतभाऊ समोर असताना ऐकवलं होतं, "आमच्या घरातली सून लायनीत जायाची न्हाई. पलटन पोरानं केलीया, सुनंनं न्हाई!" सबंध गावाने ते ऐकलं होतं. बांधाचं भांडण आणि त्यावर हे.

यांनी दुसऱ्या दिवशी विषय काढला. मी चौकटीच्या आत उभी होते. इटलीत गोळ्यांच्या पावसात डोंगर चढलेला हा माणूस वडिलांपुढे उभा राहून पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होता. "आबा, खोली मिळतीया," एवढंच म्हणाले. मामंजी म्हणाले, "चावडीत काय बोललोय, म्हाईत हाय न्हवं?" हे म्हणाले, "व्हय." आणि आत आले. झाली यांची शिष्टाई.

मी अशी संतापले! "तुम्हाला तोंड आहे की नाही? की तेही साहेबाबरोबर विलायतेला पाठवलंत?" म्हणून मी भांडी अशी आपटली की अंगणात साहेबाने गुळगुळ करून सोंड खाली सोडली. आत्याबाई गुपचूप येऊन म्हणाल्या, "पोरी, मलाबी वाटतं तू जावं. मीबी एकली ऱ्हायलेली हाय, हेचा बा पयल्या लढाईला गेलता तवा. पर ह्यांच्या तोंडचं कोन फिरवनार?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांची मनापासून माया आली.

संध्याकाळी पेपर आला. मामंजी खांबाला टेकून बसले. मी चौकटीत उभी राहिले आणि रागाने नुसत्या जाहिराती वाचल्या. केस काळे करण्याचं तेल. अशक्त मुलांसाठी काढा. दमेकऱ्यांनी लिहावे. हार्मोनियम दुरुस्त करून मिळेल. एकही बातमी नाही. त्यांना कळलं नाही असं होणं शक्य नव्हतं, पण ते मांडी न मोडता शेवटपर्यंत ऐकत राहिले. मी पेपर घडी करून ठेवला तेव्हा खांबाला म्हणाले, "लढाई सपली. आता पेपरात वाचाया ऱ्हायलंय तरी काय." मला वाटलं, टोमणा मारला. मी पाय आपटत आत गेले. ते आपल्या मनाची समजूत घालत होते, हे मला तेव्हा कळलं नाही. मला फक्त माझंच दिसत होतं.

सकाळी उठून त्यांनी जाहीर केलं, "साहेबाला इच्यारू. पाच मानसं बोलवा. सोंड खाली आली तर जाईल, वर ऱ्हायली तर जायाची न्हाई. मंग कुनी नाव काडायचं न्हाई." हे एकदम खूश. मी मात्र मोरीत जाऊन भिंतीवर हात आपटला. माझ्या संसाराचा निकाल एका कोंबड्याकडे! पण मग जरा डोकं थंड झाल्यावर मला वाटलं, वाईट काय आहे? मला त्याची सगळी तऱ्हा पाठ. मी यांना बाजूला घेऊन बजावलं, "विचारायच्या वेळी मोठ्याने काहीतरी वाजवा. घागर आपटा, परात पाडा, काहीही करा." हे म्हणाले, "बरं."

दुपार टळल्यावर अंगणात घोंगडी अंथरली. पाटील आले, सुतार आला, एक पेन्शनीवर आलेले सुभेदार आले, गुरव आला. आणि पाचवे कोण? मामंजींचा चुलतभाऊ! वळसा न घालता, सरळ रस्त्याने, काठी टेकत. त्यांना कुणी बोलावलं ते कुणी विचारलं नाही. ते घोंगडीच्या टोकाला बसले. मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही, त्यांनी मामंजींकडे पाहिलं नाही. बायका माजघरात, मी दाराच्या फटीशी. लाल लुगडं नेसून उभी होते, पण आतल्या अंधारात त्याचा काय उपयोग?

साहेब डालग्याखाली होता. डालगं उचललं तसा तो अंग फुलवून उभा राहिला. शेपटी पसरली, गाठी लाल होऊ लागल्या. सोंड खाली यायला लागली होती! तेवढ्यात गुरव म्हणाला, "थांबा थांबा. आधी निवद, मंग सवाल. रीत हाय का न्हाई काय?" बरेच दिवस मनात ठेवलेलं त्याने काढलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. रीत ती रीत. आणि आत्याबाई, माझ्या भोळ्या आत्याबाई, माझ्याच भल्यासाठी, पानावर भिजवलेले जोंधळे आणि वर चुरलेला गूळ घेऊन लगबगीने बाहेर गेल्या. एवढं मोठं पान कुठल्या देवाला कधी वाढलं नसेल. जाताना माझ्याकडे बघून हसल्या.

मी आतून हात हलवत होते, मान हलवत होते. कोण बघतंय? आत्याबाईंनी पान साहेबापुढे ठेवून वाकून नमस्कार केला. साहेबाने एक डोळा तिरका करून पाहिलं, शेपटी मिटली, सोंड वर ओढून घेतली आणि टिपायला लागला.

पाटील म्हणाले, "इच्यारा." मामंजी उठले. डोक्याचा पटका सारखा केला आणि म्हणाले, "साहेबा, धाकट्याची बायकू पुन्याला धाडावी का न धाडावी, सांग."

साहेब खात होता. टक टक टक. चोचीवर पेरभर शिंग, जसं डाव्या हाताच्या करंगळीचं टोक. आमच्या ह्यांनी आता घागर आपटायची होती. हे घागरीजवळ उभेही होते. पण पाच म्हातारे आणि स्वतःचे वडील समोर बघून यांचे हात जागच्या जागी राहिले. सगळे वाट बघत होते. जोंधळे संपेपर्यंत सोंड खाली यायची नव्हती, आणि पानावर जोंधळे होते शेरभर. मी दाराला डोकं टेकलं. संपलं, असं मला वाटलं. यांच्या पुढच्या रजेपर्यंत पुन्हा हीच चूल, हीच चौकट.

पाटलांनी खाकरून मामंजींकडे पाहिलं. मामंजी कमरेवर हात ठेवून साहेबाकडे बघत उभे होते. त्यांची नजर अशी की नदीपलीकडच्या रानात चरणारं वासरू कुणाचं ते ते सोप्यातून सांगत. ते बघत राहिले. मग मोठ्याने म्हणाले, "खाली हाय की."

सुतार पुढे वाकला. म्हणाला, "आं?"

"खाली हाय म्हनलं. डोळं फुटलं का काय समद्यांचं?"

आयुष्यात खोटं न बोललेला तो माणूस, शब्दासाठी गूळ सोडलेला, गावाला वळसा घालणारा. भर उन्हात, पाच जणांपुढे, पेरभर वर उभ्या असलेल्या सोंडेकडे हात करून खाली आहे म्हणत होता. त्यांचा आवाज मोठा होता, पण मिशीखालचा ओठ थरथरत होता. मला फटीतून तो दिसला.

सुभेदारांनी पाखराकडे पाहिलं, मग मामंजींकडे. म्हणाले, "खाली हाय, साफ दिसतीया." पाटील म्हणाले, "व्हय." सुतार गडबडीने म्हणाला, "मला हितनं नीट दिसत न्हवतं." गुरवाने दोन वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी म्हणाला, "निवद पावला म्हनायचा."

राहिले चुलतभाऊ. त्यांनी नुसतं, "काय ही सोंड?" एवढं म्हटलं असतं तरी मामंजींची गावात नाचक्की झाली असती. बांधाची, सपातांच्या टोमण्याची, सगळी फेड एका शब्दात. त्यांनी तंबाखूची पिंक टाकली. साहेबाकडे निरखून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"खाली हाय," ते म्हणाले. "आनिक किती खाली यायची? भुईला लागाय पायजे व्हय?"

पानसुपारी झाली. माणसं उठली. आत्याबाई धावत आत आल्या आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "बगितलंस? गुळाचा निवद पावला!" त्यांना खरंच तसं वाटत होतं की त्याही पाचांतल्याच होत्या, ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही. साहेबाने सगळे जोंधळे संपवले आणि सावलीत जाऊन झोपला. पुढे तो दोन पावसाळे जगला, पण मामंजींनी त्याला पुन्हा काही विचारू दिलं नाही. लोकांना सांगत, पाखरू आता थकलंय.

निघायच्या दिवशी सकाळीच गाडी जुंपली. ट्रंक, वळकटी, लोणच्याची बरणी, सगळं वर चढलं. हे पुढे जाऊन बसले. मी आत्याबाईंच्या, जाऊबाईंच्या पाया पडले आणि शेवटी मामंजींच्या. मनात ठरवलं होतं की गप्प राहायचं. पण माझी जीभ ती माझी. वाकलेली उठले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सरळ बघून बोलले.

"मामंजी, सोंड वर होती."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना राग आला असं मला वाटलं. मग ते इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाले, "पोरी, पाच म्हातारी मानसं तुज्यापायी खोटं बोलल्यात. मी सहावा. आता त्यास्नी खोटं पाडाया निगालीस व्हय? चल, बस गाडीत. गाडी चुकंल."

मी बसले. ताकारी स्टेशन येईपर्यंत माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, आणि शेजारी बसलेला हा इटलीचा शूर गडी मला पुन्हापुन्हा विचारत होता, "अगं, पण जायचं तर तुलाच होतं ना?"